सुक्या कचऱ्यातलं नेमकं काय पुन्हा वापरात जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीत ओला आणि सुका कचरा नेमाने वेगळा दिला जातो, पण सुक्याच्या डब्यात काय टाकायचं यावरून घरोघरी वेगवेगळी मतं आहेत. चिप्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, ज्यूसचे खोके, थर्माकोल, लग्नपत्रिका, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, काचेच्या बरण्या, जुने कपडे, ट्यूबलाइट. यातलं खरोखर काय रिसायकल होतं, आणि डब्याच्या तळाशी त्रिकोणाची खूण असली म्हणजे ते होतंच का?

खुणेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. बाणांच्या त्रिकोणातला 1 ते 7 हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने ही पद्धत सुरू केली, ती माल ओळखता यावा म्हणून. ती वस्तू तुमच्या गावात कोणी गोळा करतं का, वितळवतं का, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. थर्माकोलवरही त्रिकोण असतो आणि पाण्याच्या बाटलीवरही. पण बाटली भंगारवाला हसत घेतो आणि थर्माकोल दारात ठेवूनही कोणी उचलत नाही.

सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये बरीच वर्षं काम केल्यावर मी कोणतीही वस्तू हातात आली की तीन गोष्टी बघते. ती एकाच पदार्थाची आहे का? कोरडी आणि स्वच्छ आहे का? आणि तिला पुढे घेणारा कोणी आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ती रिसायकल होते. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर कारखान्यात काहीही शक्य असो, तुमच्या घरातून निघालेली ती वस्तू बहुधा डेपोवर किंवा भट्टीत जाणार.

तिसरा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे रिसायकलिंग चालतं ते कचरावेचकांच्या हातांवर आणि भंगाराच्या बाजारावर. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. तिचे सदस्य घरोघरी जाऊन कचरा घेतात. त्यांची कमाई दोन वाटांनी होते. एक म्हणजे घरांकडून मिळणारं मासिक शुल्क आणि दुसरी म्हणजे सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेला माल. म्हणजे तुम्ही दिलेली कोरडी, स्वच्छ दुधाची पिशवी ही दारात येणाऱ्या ताईंची मजुरी आहे, आणि आमटी लागलेला डबा हे त्यांच्यासाठी न मिळणाऱ्या पैशाचं जास्तीचं काम आहे. त्यांच्याकडून भंगारचं दुकान, तिथून मोठा व्यापारी, तिथून कारखाना. मुंबईचा माल असाच धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी जातो, तिथे तो पुन्हा निवडला जातो, दळला जातो, धुतला जातो. या साखळीतल्या प्रत्येकाला वाहतूक काढून चार पैसे सुटले, तरच वस्तू पुढे सरकते.

आता प्लास्टिक. सगळा गोंधळ इथेच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

पाण्याच्या आणि शीतपेयाच्या पारदर्शक बाटल्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या असतात, आकडा 1. यांना कायम मागणी असते. त्यांचे तुकडे करून, धुऊन, वितळवून पॉलिएस्टरचा धागा काढतात. उशीतला कृत्रिम कापूस आणि टी-शर्टचं कापड यातून तयार होतं. बाटली रिकामी करा आणि चेपा. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. काढून त्याच पिशवीत टाकलंत तर उत्तम, पण राहिलं तरी हरकत नाही. बाटलीचा चुरा पाण्यात बुडतो आणि झाकणाचा तरंगतो, धुताना ते आपोआप वेगळे होतात. खरी अडचण करतं ते पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपचं प्लास्टिक. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीचं विघटन होऊन आम्ल सुटतं, सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. बाटलीला घट्ट बसवलेलं, आवळलेलं वेष्टन काही वेळा पीव्हीसीचं असतं. ते फाडून काढलंत तर मोठं काम केलंत.

शाम्पूच्या, फिनेलच्या, डिटर्जंटच्या अपारदर्शक बाटल्या आणि तेलाचे कॅन म्हणजे आकडा 2. बादल्या, मग, बाहेरून जेवण येतं ते डबे बहुतेक आकडा 5. दोन्ही चालतात. पण रंगाने भाव बदलतो. पारदर्शक आणि पांढऱ्याला सगळ्यात जास्त, कारण त्यातून कुठल्याही रंगाची वस्तू करता येते. रंगीत एकत्र झालं की त्याचं गडदच काहीतरी होतं, आणि काळ्याचं फक्त काळं. म्हणून जेवणाचे काळे ट्रे साखळीत सगळ्यात शेवटी येतात. पर्याय असेल तेव्हा पारदर्शक डबा मागून घ्या.

दुधाच्या पिशव्यांविषयी माझी खास विनंती आहे. हे फार चांगलं प्लास्टिक आहे, आकडा 4, आणि त्याला हमखास गिऱ्हाईक आहे. पण पिशवी उघडताना आपण कोपरा कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही, केरातून थेट गटारात किंवा मातीत जातो. कात्रीने चीर द्या, कोपरा लटकता ठेवा. मग पिशवी बाजूने कापून पूर्ण उघडा, भांडी विसळलेल्या पाण्यात एकदा हलवा आणि सिंकवर किंवा टाइलला चिकटवून वाळू द्या. तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दूध आंबतं, वास येतो, आणि पिशव्यांचा अख्खा गठ्ठा खालच्या भावात जातो. साबण लावायची गरज नाही, पिण्याचं पाणी तर मुळीच नको.

तेलाची पिशवी दिसायला तशीच असली तरी दुधाच्या पिशव्यांत घालू नका. ती बऱ्याचदा वेगवेगळ्या प्लास्टिकच्या थरांची असते आणि तेल सुटत नाही. डाळ-साखरेच्या पातळ, चुरगळल्यावर कडकड वाजणाऱ्या पारदर्शक पिशव्यांचं प्लास्टिकही वेगळं असतं. त्या स्वतंत्र बांधून दिल्या तर काही दुकानदार घेतात.

चिप्स, बिस्किटं, नमकीन, शाम्पूच्या पुड्या. यांना थरांचं प्लास्टिक म्हणतात. बाहेरून छपाईचा थर, मध्ये चकचकीत धातूचा मुलामा, आत आणखी एक प्लास्टिक, सगळं एकमेकांना डकवलेलं. ते थर सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे त्यातून नवं पाकीट होत नाही. नीट गोळा झालं तर ते बहुतेक करून सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीने जळण म्हणून जातं. ते उघड्यावर जाळण्यापेक्षा किंवा ओढ्यात जाण्यापेक्षा कितीतरी बरं, पण त्याला रिसायकलिंग म्हणणं मला पटत नाही. तरीही ही पाकिटं सुक्यातच द्या, झटकून, एका मोठ्या पाकिटात कोंबून. ओल्यात गेली तर खताच्या खड्ड्यातून एकेक वेचून काढावी लागतात, आणि सुटी टाकली तर वाऱ्यावर उडतात. एक सोपी परीक्षा लक्षात ठेवा. चकचकीत वेष्टन मुठीत चुरगळून सोडा. गोळा तसाच राहिला तर ती ॲल्युमिनियमची फॉइल, पुसून धातूच्या भंगारात द्या. पुन्हा उलगडलं तर ते मुलामा दिलेलं प्लास्टिक.

थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवा. टेम्पो भरला तरी वजन काट्यावर दिसत नाही, मग वाहतुकीचा खर्च कोण काढणार? तो वितळवता येतो, पण तसं यंत्र जवळपास असेल तरच अर्थ आहे. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली आणि 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, त्यात गणपतीचं मखर आलंच. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येतो तो मात्र अजून येतोच. डिलिव्हरीवाला उभा असतानाच विचारा, काही दुकानं परत नेतात. नाही नेला तर अखंड ठेवा, फोडू नका. त्याचे पांढरे मणी एकदा सुटले की पुन्हा गोळा होत नाहीत.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्यांनी आमच्या कामात नवी अडचण आणली आहे. हाताला त्या प्लास्टिकसारख्याच लागतात, पण प्लास्टिकच्या गठ्ठ्यात मिसळल्या तर माल कमकुवत होतो. घरच्या कुंडीतल्या खतातही त्या महिनोन्महिने तशाच राहतात, कारण त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. त्या ना सुक्याच्या ना घरच्या खताच्या. शक्यतो घेऊच नका, कापडी पिशवी न्या.

आणि काही प्लास्टिक पुन्हा वितळतच नाही. कुकरची काळी मूठ, जुने विजेचे काळे स्विच, मेलामाइनच्या ताटल्या. एकदा घट्ट झालेला हा पदार्थ तापवला तर करपतो, पातळ होत नाही. यांना पुढे कोणीच घेत नाही.

कागदाकडे वळू. वर्तमानपत्रं, वह्या, पुस्तकं, पुठ्ठ्याचे खोके यांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. रद्दीवाला हा आपल्याकडचा सगळ्यात जुना रिसायकलिंगवाला. वापीसारख्या ठिकाणी रद्दीच्या लगद्यापासून तपकिरी कागद करणाऱ्या कितीतरी गिरण्या आहेत आणि त्याच कागदाचे पुन्हा खोके होतात. कागदाचा तंतू दर फेरीला आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यातून कागद होत नाही. मग तो अंड्यांच्या ट्रेमध्ये जातो. म्हणून अंड्याचा ट्रे स्वच्छ असेल तर रद्दीत द्या, नाहीतर सरळ तुकडे करून ओल्या कचऱ्यात, त्याचं खत चांगलं होतं.

कागदाला दोन गोष्टी मारतात, तेल आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण कोरडं असतं, ते फाडून रद्दीत द्या आणि तेलकट तळ ओल्यात टाका. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, म्हणून तर त्यात चहा टिकतो. आपल्याकडचे रद्दीवाले तो घेत नाहीत. लग्नपत्रिका तर मोठीच निराशा आहे. एवढा जाड, महाग कागद, पण वर चकाकी, मखमल, सोनेरी पट्टी, चमकी. कोपरा हळूच फाडून बघा. फाटताना पातळ पापुद्रा ताणला गेला तर तो रद्दीचा कागद नाही. आतलं साधं पान आणि पाकीट काढून तेवढं रद्दीत द्या. दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत, नखाने ओरखडलं की काळा होणारा कागद रसायन लावलेला असतो, तोही रद्दीत नको आणि खतातही नको. वापरलेला टिश्यू ओल्यात.

ज्यूस-ताकाच्या खोक्यांचं उत्तर ‘हो, पण’ असं आहे. त्यात साधारण 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्के प्लास्टिक आणि 5 टक्के ॲल्युमिनियम असतं. पुठ्ठ्याचा लगदा सुटा करणाऱ्या गिरण्या आहेत आणि उरलेल्या प्लास्टिक-धातूच्या मिश्रणातून जाड फळ्या होतात, त्यांची बाकं आणि पत्रे बनवतात. पण हे खोके वेगळे आणि मोठ्या संख्येने जमले तरच त्यांना वाट मिळते. सुक्यात एकटा-दुकटा पडलेला खोका मागेच राहतो. सोसायटीने एक पोतं फक्त यांच्यासाठी ठेवावं. स्ट्रॉ काढा, विसळा, कडा उलगडून सपाट करा, वाळवा.

धातूबद्दल फार सांगायला नको. लोखंड, पत्रा, तांबं, पितळ, जर्मनची पातेली, सगळ्याला भाव आहे, आणि भांड्यांच्या दुकानात मोडही घेतात. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने तयार करण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते, त्यामुळे पेयाचा एकही कॅन कचऱ्यात जाऊ देऊ नका. डिओचे आणि झुरळांच्या औषधाचे फवारे पूर्ण संपवूनच द्या, त्यांना भोक पाडू नका. दाढीची पाती एखाद्या डबीत साठवा. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या मात्र धातू दिसत असल्या तरी धातूत जात नाहीत. खाली बहुतेक पीव्हीसी आणि वर ॲल्युमिनियम, दोन्ही पक्के चिकटलेले. त्या चिप्सच्या पाकिटांच्या वाटेने जातात.

काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा उतरत नाही. तरी ती नीट पोहोचत नाही, कारण वजन जास्त, भाव अगदी कमी आणि हात कापण्याची भीती. बिअरच्या बाटल्यांचं बरं आहे, त्या अखंड परत जातात, धुतल्या जातात, पुन्हा भरल्या जातात. रिसायकलिंगपेक्षा हे कितीतरी चांगलं. मधाच्या, जॅमच्या, सॉसच्या बरण्या स्वच्छ करून अखंड द्या. पण खिडकीची काच, आरसा, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी, चिनी मातीच्या लोणच्याच्या बरण्या आणि कप हे बाटल्यांच्या काचेत कधीच मिसळू नका. ते वेगळ्या तापमानाला वितळतात किंवा वितळतच नाहीत. न वितळलेला एक खडा नव्या बाटलीत राहिला की ती तिथेच तडकते. काच फुटली असेल तर जाड कागदात गुंडाळा, वर ‘काच’ लिहा आणि पिशवीत न टाकता हातात द्या. आमच्याकडच्या मावशींच्या बोटांवरचे जुने व्रण बहुतेक अशाच न सांगता दिलेल्या काचेचे आहेत.

कपड्यांसाठी आपल्याकडे बोहारणींची परंपरा होती आणि काही भागांत अजून आहे. जुन्या साड्या-कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं. ते कपडे शिवून-टाचून जुन्या बाजारात विकले जायचे. घालण्याजोगे कपडे धुऊन, घडी घालून तसेच पुढे द्या. फाटक्या सुती कपड्यांच्या गॅरेज आणि कारखान्यांत पुसायला चिंध्या होतात. लोकर आणि मिश्र कापड पिंजून पुन्हा धागा काढण्याचं देशातलं मोठं केंद्र हरियाणातलं पानिपत. तिथल्या स्वस्त ब्लँकेट-सतरंज्यांत हेच सूत असतं. ओले, कुबट कपडे मात्र कोणी घेत नाही. कापसाची गादी असेल तर टाकू नका, गादीवाला कापूस पिंजून नवी करून देतो. फोमच्या गादीला असं दुसरं आयुष्य मिळणं कठीण.

शेवटी जे सुक्यात कधीच जाऊ नये ते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. जुन्या खोक्यात घालून, न फोडता, वेगळ्या द्या. पेन्सिल सेल, घड्याळाचे सेल, मोबाइल, चार्जर, वायरी हा ई-कचरा. मोबाइलची किंवा पॉवर बँकची लिथियम बॅटरी, विशेषतः फुगलेली, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलनातच द्या. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारायला संकोच करू नका. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला मात्र देऊ नका, तो धूर आपल्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. मुदत संपलेली औषधं आणि इंजेक्शनच्या सुया वेगळ्या ठेवा, सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून स्वतंत्र द्या. पुण्यात ही पद्धत रुजावी म्हणून कचरावेचक बायकांनी मोहीम चालवली. रोज उघड्या हाताने कोणाचं तरी रक्त लागलेलं पॅड उचलावं लागणं ही गोष्ट कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

घरात यासाठी फार डबे लागत नाहीत. रद्दीची जागा असतेच. त्याशिवाय गॅलरीत एक पोतं सगळ्या स्वच्छ सुक्यासाठी आणि कपाटाच्या वर एक खोका सेल, ट्यूब, वायरी, औषधांसाठी. बारीक निवड करायची जबाबदारी तुमची नाही, ती शेडमधले सराईत हात तुमच्यापेक्षा झरझर करतात. तुमच्याकडून हवं ते एवढंच, की माल कोरडा असावा आणि त्यात धोकादायक काही नसावं. शंका असलेली वस्तू ‘होईल कदाचित रिसायकल’ म्हणून चांगल्या मालात घालू नका. एका तेलकट डब्याने पोतंभर कागद जातो.

सोसायटीच्या फलकावर यादी लावणार असाल, तर लावण्याआधी ती तुमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवा. त्यांचा भंगारवाला आज काय घेतो आणि काय परत करतो हे त्यांना रोजच्या रोज कळतं. थरांच्या प्लास्टिकला किंवा ज्यूसच्या खोक्यांना तुमच्या भागात वाट आहे की नाही, हे त्या तिथल्या तिथे सांगतील.